दगडफुलाचा संसार

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका नातेवाइकांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी वक्त्यांनी दगडफुलाचे उदाहरण दिले. बुरशी घर बांधते, शैवाल स्वयंपाक करते, दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही आणि म्हणूनच दोघे उघड्या कातळावरही सुखाने नांदतात, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला संसार नाही म्हणत, वेठबिगारी म्हणतात." यात खरे कोणाचे? आणि माणसाने यातून घेण्यासारखे काही आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मसाल्याच्या डब्यातले दगडफूल बाहेर काढा. गोड्या मसाल्यात आपण ते तेलावर परतून घालतो, पण या वेळी एक तुकडा पाच मिनिटे पाण्यात भिजवा. वरची राखाडी बाजू किंचित हिरवट होईल, खालची काळीच राहील. धारदार ब्लेडने त्याचा उभा पातळ छेद घेऊन भिंगाखाली धरला, तर वरच्या सालीच्या लगेच खाली हिरवी बारीक रेघ दिसते आणि तिच्याखाली पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा थर असतो. ती हिरवी रेघ म्हणजे शैवाल. बाकी साल, कापूस, काळा तळ असे सगळे बुरशीचे. तुकडा जुना असेल तर रेघ फिकट दिसेल, पण दिसेल. घर कोणाचे आणि त्यात कोणाला किती जागा, हे एवढ्यावरून कळते.

शैवाक, म्हणजे दगडफूल ज्या गटात मोडते तो सारा वर्ग, एक वनस्पती नसून दोन जीवांची जोडी आहे, ही गोष्ट सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली मांडली. तुमच्या मुलीला आवडेल अशी बाब म्हणजे, बुरशी हा मालक आणि शैवाल हे त्याने पकडून आणलेले गुलाम, अशीच उपमा त्याने पुढे दिली. त्या काळच्या शैवाकतज्ज्ञांना हे अजिबात रुचले नाही. विल्यम निलांडर हा त्यांतला अग्रणी. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील शैवाकांवरून शहराच्या हवेची पारख करता येते, हे १८६६ साली ओळखणारा हा तीक्ष्ण नजरेचा माणूस, पण शैवाकात दोन जीव आहेत हे त्याने अखेरपर्यंत मानले नाही.

पुढे १८७८ साली आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने अशा एकत्र राहण्याला जो शब्द वापरला, त्याला आपण मराठीत सहजीवन म्हणतो. द बारीच्या व्याख्येत सुख, प्रेम, परस्परहित यांपैकी काहीही नव्हते. भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र जगणे एवढाच तिचा अर्थ होता आणि परोपजीवनही त्याने त्यातच धरले होते. आपण मात्र तो शब्द थेट लग्नपत्रिकेत नेऊन ठेवला. वक्त्यांचा गोंधळ झाला असेल तर त्यात भाषेचाही वाटा आहे.

आता देवघेवीचा हिशेब पाहू. हिरवे शैवाल प्रकाशात साखरेच्या जातीचे पदार्थ तयार करते आणि त्यांतला मोठा हिस्सा त्याच्या पेशींतून बाहेर झिरपून बुरशीला मिळतो. तेच शैवाल बुरशीपासून वेगळे करून वाढवले, तर हे झिरपणे थोड्याच काळात जवळजवळ थांबते. म्हणजे शेजारी बुरशी असते म्हणूनच ते एवढे देते. शिवाय शैवाकात त्याची वाढ मंदावते आणि त्याचे लैंगिक पुनरुत्पादनही सहसा दबलेले राहते. बदल्यात त्याला आसरा मिळतो, ओलावा काही काळ धरून ठेवणारी साल मिळते, प्रखर उन्हाची झळ कमी लागते आणि एरवी जिथे त्याचा निभाव लागला नसता अशा कातळावर जागा मिळते. इथपर्यंत पारडे मुलीच्या बाजूने झुकते, हे मान्य करायला हवे.

परंतु वक्त्यांचे "एकमेकांवाचून चालत नाही" हे वाक्य तपासले की चित्र पालटते. शैवाकांत आढळणारी कित्येक शैवाले बाहेर एकटी मजेत जगतात. पावसाळ्यात कोकणातल्या झाडांच्या खोडांवर आणि जुन्या भिंतींवर नारिंगी मखमल चढते, ती बहुधा ट्रेंटिपोलिया नावाच्या शैवालाची असते, आणि तेच शैवाल अनेक शैवाकांत बुरशीचे जोडीदारही असते. (केरळात २००१ साली तांबडा पाऊस पडला, तेव्हा सरकारने नेमलेल्या तपासात त्याच कुळातील शैवालाच्या बीजाणूंकडे बोट दाखवले गेले होते.) उलट शैवाकातली बुरशी निसर्गात एकटी सहसा सापडत नाही. प्रयोगशाळेत ती वाढवता येते, पण तिचा बिनआकाराचा लहानसा गोळा होतो. ज्यावरून आपण दगडफूल ओळखतो ते पान काही तिला एकटीला बनवता येत नाही. तेव्हा गुलाम एकटा राहू शकतो आणि मालकाचेच त्याच्यावाचून अडते, अशी ही विचित्र वेठबिगारी आहे. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि तो वक्त्यांच्या भाषणात नव्हता, तसा मुलीच्या शेऱ्यातही नाही.

दुसरा मुद्दा भुकेचा. व्हर्नन अहमदजियन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका शैवाकातली बुरशी आणि शैवाल वेगळी काढून ती पुन्हा जुळवण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. पोषकद्रव्यांनी समृद्ध माध्यमावर ठेवले की दोघे आपापल्या वाटेने वाढत आणि शैवाक बनतच नसे. अन्न तुटपुंजे आणि ओलावा कमी-जास्त असेल, तरच बुरशीचे धागे शैवालाभोवती आवळले जात. त्यानेही या नात्याला नियंत्रित परोपजीवन असेच म्हटले. वक्ते म्हणाले की जोडी जमली म्हणून ती कातळावर टिकली. प्रयोग सांगतो की कातळासारखी तंगी होती म्हणून जोडी जमली. पन्नास वर्षांच्या संसारात सुरुवातीची दहा-पंधरा वर्षे भाड्याच्या एका खोलीत काढलेल्या दांपत्याला यातला फरक कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरे, ही जोडी दोघांचीच आहे असेही नाही. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली उत्तर अमेरिकेतील झाडांवर दाढीसारख्या लोंबणाऱ्या दोन शैवाकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते खात. दुसरे पिवळसर आणि विषारी. दोन्हींतली मुख्य बुरशी व शैवाल मात्र सारखेच निघाले. फरक होता तो सालीत राहणाऱ्या एका वेगळ्या यीस्टच्या प्रमाणात. नंतरच्या अभ्यासांत हे यीस्ट सर्व शैवाकांत आढळले नाही. तरी दीडशे वर्षे दोनच भिडू मोजणाऱ्यांना नव्याने मोजणी करावी लागली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की मुलगी श्वेंडेनरच्या बाजूची आहे, वक्ते लग्नपत्रिकेच्या बाजूचे आहेत, आणि दगडफूल दोघांच्याही बाजूचे नाही. माणसाने घ्यायचेच असेल, तर उत्तराऐवजी प्रश्न घ्यावेत: कोणाला सोडून जाता येते, कोणाला येत नाही, आणि बाहेर सुबत्ता आली तर हे दोघे एकत्र राहतील का?

प्रश्न : आमच्या जुन्या हापूसच्या खोडावर राखाडी-हिरवट चट्टे पसरले आहेत आणि झाडाची पालवी विरळ झाली आहे. हे शैवाक झाडाचा रस शोषते का? खरवडून काढावे का?
– एक वाचिका, देवगड

उत्तर : नाही. शैवाकाला झाडाची साल फक्त टेकायला लागते. अन्न ते स्वतःच्या शैवालाकडून मिळवते आणि पाणी पाऊस व दवातून घेते. पालवी विरळ झाली की खोडावर ऊन जास्त पोहोचते आणि शैवाक फोफावते. म्हणजे चट्टे हे झाड थकल्याचे लक्षण आहे, कारण नव्हे. मुळे, खोडकिडा आणि खताची मात्रा तपासून घ्या. खरवडू नका, सालीला जखमा होतात. बोर्डो मिश्रणातल्या तांब्याने शैवाक मरते खरे, पण ते फवारायचे ते बुरशीजन्य रोगासाठी, चट्ट्यांसाठी नाही. आणि एखाद्या चट्ट्याच्या कडेला पिठासारखी भुकटी दिसली, तर बोटावर घेऊन पाहा. तिच्या प्रत्येक कणात शैवालाच्या थोड्या पेशी आणि त्यांना गुंडाळलेले बुरशीचे धागे असतात, आणि वाऱ्याने तो कण शेजारच्या कलमावर पडला की तिथे नवा चट्टा सुरू होतो.