जुनी मारुती 800 पाणी खाते, खाली थेंब दिसत नाही आणि तुळजापूरच्या घाटात तापते. हेड उतरवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1996 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800, रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी असं जाणं-येणं. दोन-तीन दिवसांत बाटलीभर पाणी घालावं लागतं, तेही बोअरचं. पार्किंगमध्ये फरशी कोरडी. शहरात तापमानाचा काटा निम्म्यावरही येत नाही, पण तुळजापूरचा घाट लागला की सरसर वर जातो. एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला. दुसरे म्हणतात हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, गाडी सोडून जा.

इतक्यात सोडू नका. मी मेकॅनिक नाही, पण याच इंजिनाची गाडी बरीच वर्षं बाळगून आहे, आणि मित्रांच्या जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून बघायची खोड आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं, पण ते गेलंच आहे असं म्हणायला एकही पुरावा अजून दिसत नाही.

पाणी कमी होणं आणि गाडी तापणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुमच्याकडे पहिल्यातून दुसरं निघालं असावं असा माझा अंदाज आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी बोअर, आणि बोअरचं पाणी किती जड आहे ते तुमच्या बाथरूमच्या नळावरच्या पांढऱ्या थरावरून दिसतच असेल. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात, त्याने फार बिघडत नाही. पण गळती आहे म्हणून तुम्ही दर दोन-तीन दिवसांनी नवं पाणी ओतता, म्हणजे दर वेळी नवे क्षार. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत साचतात. शहरात तेवढ्या थरानेही निभावतं. घाटात इंजिनवर लोड आला की उष्णता बाहेर पडायला वाट पुरत नाही. म्हणून आधी गळती शोधायची, मग रेडिएटर. उलट क्रमाने गेलात तर स्वच्छ केलेला रेडिएटर वर्षभरात पुन्हा भरेल.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा चीड आहे. 'आपल्याकडे एवढी गरमी, त्याची गरजच नाही' हे वाक्य सोलापुरातल्या निम्म्या गॅरेजांत ऐकायला मिळतं. बाहेर 43 अंश असले तरी इंजिनला चालायला त्याच्या दुप्पट तापमान लागतं. या गाडीचा थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडायला लागतो. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो नसला की इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतंही जास्त. शिवाय तुमच्या बाबतीत त्याने लक्षणंच पुसट करून टाकली आहेत. शहरात पाणी पुरेसं तापत नाही, त्यामुळे दाब चढत नाही, त्यामुळे गळती नीट उघडी पडत नाही. एकच फायदा झाला: थर्मोस्टॅट अडकून गाडी तापत नाही, एवढं नक्की झालं. आधी नवा बसवा. स्वस्त असतो. त्याच्या चकतीवर एक छोटी हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. आणि त्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढताना झाकणाखालचं गॅसकेट नवं घातलं होतं का, तेही विचारा. जुनंच बसवलं असेल तर तिथून पाझर असायची बरीच शक्यता आहे. गरम धातूवर पाणी पडलं की वाफ होतं, खाली काय टपकणार?

आता शोध. सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळीही बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर पहिला संशय कॅपवर. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाणी बाटलीत सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना तेच पाणी परत आत ओढू देतो. दुसरा अडकला किंवा बाटलीकडे जाणारी रबरी नळी चिरली, की पाणी बाहेर जातं पण परत येत नाही. थंड झाल्यावर वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला तर समजा हाच घोळ आहे.

कॅपचा दाब म्हणजे काही शोभेची गोष्ट नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथे उघडं पाणी 98-99 अंशांनाच उकळतं. 0.9 बार दाबाची कॅप नीट धरत असेल तर तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की ही वीस अंशांची सवलत गेली, आणि घाटात नेमकी तीच लागते. म्हणून बाकी काही करण्याआधी त्याच आकड्याची नवी कॅप घ्या. जास्त आकड्याची घेऊ नका, जुना रेडिएटर दुसरीकडे फुटेल.

मग टॉर्च घेऊन डाग शोधा. बोअरच्या पाण्याचा इथे एक उपकार आहे: ते जिथून पाझरतं तिथे पांढरी रेघ सोडून जातं. होस पाइपांच्या क्लिपांखाली बघा. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीच्या जोडावर बघा. वॉटर पंपाच्या, ज्याला बरेच मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथे ओल किंवा पांढरा ओघळ असेल तर पंप बदला, भोक एम-सीलने बुजवू नका. बुजवलेलं मी पाहिलंय, म्हणून लिहितोय. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्याही गंजून पाझरतात, आणि मागच्या बाजूची टोपी सहज दिसत नाही, आरसा धरून बघा. हीटर असेल तर पायाखालचं कार्पेट उचलून चाचपा. सोलापुरात हीटर कोण लावतो, त्यामुळे तिकडची गळती लोकांना महिनोन्‌महिने कळत नाही.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. कॅपच्या जागी हातपंप बसवून थंड इंजिनवर 0.9 पर्यंत दाब भरायचा आणि दहा मिनिटं काटा बघायचा. गरम इंजिनवर वाफ होऊन जाणारं पाणी थंडपणी थेंबाथेंबाने दिसतं. दाब उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तरच पाणी आत जातंय असं म्हणता येईल.

आत जाण्याची वाटही फक्त हेड गॅसकेटची नसते, आणि या इंजिनाबाबतीत हे घाईत विसरलं जातं. कार्ब्युरेटरखालचा इन्टेक मॅनिफोल्ड (पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरकडे नेणारा भाग) पाण्याने गरम ठेवलेला आहे, म्हणजे पाणी हेडमधून मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून जातं. ते गॅसकेट खाल्लं गेलं की इंजिनची ओढ पाणी सरळ सिलिंडरमध्ये खेचते. सायलेन्सरमधून पांढरा धूर, एखादा स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, पाणी कमी. सगळी लक्षणं हेड गॅसकेटची, आणि काम मात्र हेडला हात न लावता होणारं.

दोन्हींतला फरक बुडबुड्यांवरून कळतो. गाडी थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप उघडीच ठेवा. थर्मोस्टॅट नसेल तर पंप फिरताच पाणी घुसळतं आणि काहीच समजत नाही, म्हणून फॅन बेल्ट उतरवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे. इंजिन सुरू करून मिनिटभरच चालवा, त्याहून जास्त नको. लगेच सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय, म्हणजे हेड गॅसकेट किंवा हेडला चीर. बेल्ट परत घातल्यावर, थंड गाडी सुरू करताच वरचा होस हाताला टणक लागतो का, तेही बघा. पाणी तापायच्या आधीच दाब आला, तर तो वाफेचा नाही. तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा, एखादा धुतल्यासारखा वेगळा दिसतो का बघा. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ थर दिसला तर एकट्या त्यावरून घाबरू नका, थर्मोस्टॅट नसलेल्या थंड इंजिनात आणि छोट्या फेऱ्यांत तो तसाही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

गळती बंद झाली की रेडिएटर. तुमचा जुना पितळी असेल तर रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून साफ करणं) करता येतं, फुटलेल्या जागी सोल्डरचा डागही देता येतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा असेल तर त्यात पैसे घालू नका, नवा घ्या. आत तुंबलाय का हे घरी कळतं: गाडी तापवून बंद करा, फॅनची वायर काढा आणि जाळीवरून हात किंवा तापमान मोजायची गन फिरवा. मधेच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बुजलेल्या आहेत. बाहेरूनही बघा. अशोक चौक, साखर पेठेकडच्या यंत्रमागांच्या भागात रोज गाडी लावणाऱ्यांच्या रेडिएटरवर कापसाची अक्षरशः गोधडी असते, त्यावर धूळ बसून फेल्ट तयार होतो. पाण्याची हलकी धार इंजिनच्या बाजूने बाहेर मारा. जोराच्या प्रेशरने पाती मुडपतात.

फॅन चालतो का एवढंच बघून थांबू नका, कोणत्या दिशेने चालतो तेही बघा. मोटर बदलताना वायरी उलट लागल्या की फॅन उलटा फिरतो. जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो चिकटायला हवा. तुमची गाडी शहरात तापत नाही त्यामुळे फॅनवर माझा संशय कमी आहे, आणि खालच्या होसवर जास्त. तो मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि पाण्याची वाटच बंद होते. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर वाढवून बघितलं की दिसतं.

शेवटी भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण गंज न धरणं आणि उकळण्याचा अंश वाढणं यासाठी कूलंट हवाच. हीटरचा नॉब गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवून, वरचा होस गरम होईपर्यंत भरत राहा, नाहीतर हवा अडकते. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री पितात आणि मरतात.

हे सगळं होईपर्यंत तुळजापूरला जावंच लागलं तर घाटात खालच्या गिअरमध्ये चढा, काटा वर जायला लागला की हीटर पूर्ण गरमवर सोडा. काचा उघड्या ठेवून घामाघूम व्हाल, पण इंजिनची बरीच उष्णता तिकडून निघते. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका: सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नसतं. तिथल्या तिथे बंद करा, अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, दोन्ही वेगवेगळं आकुंचन पावतं. कुणी ना कुणी थांबून रेडिएटरमध्ये हळद टाका म्हणेल. बारीक छिद्र असेल तर घरी पोचण्यापुरती चालते ती, पण नंतर सगळी धुऊन काढा, ती बारीक नळ्याही तितक्याच प्रेमाने बुजवते.

आणि बुडबुडे आलेच, हेड उतरलंच, तर फक्त गॅसकेट बदलून बसवू देऊ नका. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायला सांगा, 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. चिरेसाठी प्रेशरवर तपासून घ्या, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मधून बाहेरच्या क्रमाने आवळले जातायत ना हे उभं राहून बघा.

गाडीला एसी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसलेला असतो, आणि कचरा दोन्हींच्या मधल्या फटीत जमतो, तो समोरून दिसत नाही. रेडिएटर रॉडिंगला काढाल तेव्हा तो कचरा ब्रशने साफ करून घ्या.