आधी पुरावा, मग पाना

पोरी,

तुझा रात्रीचा लांबलचक निरोप दोनदा वाचला. शेवटचा 'काका, विकून टाकू का?' हा प्रश्न मी बाजूला ठेवलाय, कारण तो प्रश्न नव्हे, वैताग आहे. त्याच्या वर जे लिहिलंयस त्याबद्दल बोलू. पहिल्या मिस्त्रीने नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, सांगितली. दुसरा म्हणाला, नोझलना दाबाने डिझेल देणारा मोठा पंप उतरवा. तिसऱ्याने इंजिनच काढायला सांगितलं. दरम्यान तू बॅटरी नवी टाकलीस, चारही हीटर प्लग बदललेस, आणि जीप सकाळी अजून तशीच रडतेय, कुंभार्ली घाट चढताना अजून तशीच दम सोडतेय.

मला राग आला तो त्या तिघांचा नाही. त्यांच्या दारात दिवसभर गाड्या उभ्या असतात, त्यांना अंदाजावर चालावंच लागतं, आणि अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो. राग तुझा आला. ते प्लग गेलेत हे कुणी दाखवून दिलं होतं? प्लगांना जोडणारी पट्टी सोडायची, बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावायची, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवायची. बल्ब पेटला तर प्लग शाबूत. नाही पेटला तर मेला. चहा उकळेपर्यंत संपणारं काम. ते न करता तू दुकानात गेलीस. आणि जुने प्लग कुठे आहेत? टाकले असशील. म्हणजे ते चांगले होते की वाईट, हे आता आपल्याला कधीच कळणार नाही. पैसे गेले त्याचं मला काही नाही. माहिती गेली.

आधी पुरावा, मग पाना. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तुझ्या महिंद्रा जीपच्या, एमएम ५४०च्या, पोटात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन आहे. नावातला चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. एकूण २११२ सीसी. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, स्पार्क प्लग तर डिझेलला नसतोच. दाबून तापवलेली हवा आणि नेमक्या वेळी आलेलं डिझेल, एवढ्यावर ते चालतं. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, एका छोट्या खोलीत फवारलं जातं. ती खोली थंड असली की हवेची उष्णता खाते, म्हणून हीटर लागतो, आपल्याकडच्या साध्या गारव्यातही. तेव्हा सकाळी चालू न होण्याची कारणं तीनच बाजूंनी येतात: डिझेल पोचत नाही, हवा पुरेशी तापत नाही, किंवा सेल्फ इंजिनाला पुरेसं जोरात फिरवत नाही. तुझ्या तिन्ही मिस्त्रींनी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या का? तू केल्यास का?

वेगळ्या करायला धूर पुरतो. सेल्फ मारत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाहीये. मग हीटर बघ, कॉम्प्रेशन बघ. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. मग हीटरला हातही लावू नकोस. एवढ्या मोठ्या निरोपात तू टायरची नक्षी वर्णन केलीस, मागच्या मालकाचा स्वभाव सांगितलास, धुराबद्दल एक अक्षर नाही.

तरी तुझ्या एका ओळीवर मी अडकलो. 'एकदा चालू झाली की दिवसभर परत परत चालू होते, पण रात्रभर उभी राहिली की नाही.' मला वास येतोय तो हवेचा. टाकीपासून इंजिनावरच्या फीड पंपापर्यंतचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा, टप्पा ओढीवर चालतो. तिथली रबरी नळी तडकली, नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉयसर बसला नाही, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाजूला चीर असलेल्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघ, म्हणजे कळेल. म्हणूनच खाली डाग दिसत नाही आणि मिस्त्री त्या बाजूला बघत नाही. रात्रभर डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, सकाळी लाइन रिकामी. घाटात इंजिनाला जास्त डिझेल लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते.

पण हा माझा वास झाला, पुरावा नव्हे. मीही चौथा मिस्त्रीच आहे, हे लक्षात ठेव. पुरावा असा मिळतो: फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवायची आणि सकाळी सेल्फ मारताना तिच्यात बुडबुडे धावतात का ते बघायचं. त्याहून पक्कं हवं असेल तर टाकीची लाइन सोडून द्यायची, स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन बॉनेटजवळ पंपाहून उंच टांगायचा, नळी थेट फीड पंपाला जोडायची, हातपंप मारून आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढायची, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पहिल्या झटक्यात चालू झाली, तर दोष कॅनच्या मागे आहे, म्हणजे नळीत किंवा टाकीत. नाही झाली, तर मी चुकलो, आणि त्यातही तुला काहीतरी कळलं. नोझलवाल्याला आणि पंपवाल्याला असा प्रयोग सुचवून बघायला हवा होतास.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण घरात ती नेहमी माझ्याविरुद्ध सांगितली जाते. माझ्या जीपने एका पावसाळ्यात असेच आचके द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी पंप सांगितला. मी म्हटलं, दाखवा. कुणी दाखवेना, मी पंप उतरवू देईना. अख्खा पावसाळा गाडी शेडमध्ये. पुतण्याच्या साखरपुड्याला सगळे एसटीने गेले, आणि धाकट्या भावाने तिथे सगळ्यांसमोर हिशेब मांडला की दादाच्या हट्टापायी गेलेल्या दिवसांची किंमत धरली तर दोन पंप आले असते. दोष सापडला तो टाकीतल्या ओढनळीत. तिला बारीक चीर होती, वरच्या अंगाला. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली, गाडी ठणठणीत. टाकी अर्ध्याच्या खाली आली की चीर उघडी पडायची आणि नळी हवा ओढायची. मी दरवेळी तपासणीला बसण्याआधी टाकी फुल करायचो, म्हणून दरवेळी दोष लपायचा. एक टाका मारून घेतला, संपलं. पंप आजही तोच आहे. भाऊ आजही म्हणतो की नवा पंप टाकून महिनाभर आधी कळलं असतं की पंप नव्हता. त्याला मी काय सांगू! नवा पंप टाकून, टाकी भरून जीप चालू केली असती तर ती सुरेख चालली असती आणि आम्ही जन्मभर पंपालाच दोष दिला असता. आजही मी तेच करेन. साखरपुड्याला एसटीनेच जा म्हणेन.

आणखी एक, कारण पुढच्या महिन्यात तू हे विचारणारच आहेस. स्टीअरिंग थरथरतं असं ओझरतं लिहिलंयस. लगेच कुणीतरी थरथर दाबणारा डॅम्पर विकेल. पुढचं चाक उचल, वर आणि खाली धरून हलव. खेळ लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंग पिनकडे, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्याकडे, बघ. एका पायाच्या दाबाने दोन दोष वेगळे होतात, हे मला या गाडीतलं सगळ्यात देखणं ज्ञान वाटतं. आधी पुरावा.

आणि डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरू नकोस. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या या पेटीला, ट्रान्स्फर केसला, दोन्हीकडे वेगवेगळा वेग जाऊ देणारं मधलं डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि फोर बाय फोरचा लिव्हर अडकतो. मग लोक केस खोलतात. थोडं सरळ रिव्हर्स घे, बहुतेक वेळा लिव्हर आपोआप निघतो.

पान्यांचं विचारलंस. तुला दोन संच लागतील. चॅसीची घडण अमेरिकन विलीज जीपची, तिचे बोल्ट इंचात. इंजिन फ्रेंच, ते मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या डोक्याचा बोल्ट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना छान बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की डोकं गोल करतो. तुझ्या जीपवर जेवढी गोल डोकी आहेत, तेवढे आळशी हात तिथे येऊन गेलेत. फिक्स पान्याने सुरुवात करूच नकोस, आधी गोटी (सॉकेट), नाहीतर रिंग पाना. मल्टीमीटर मात्र पहिल्या दिवशी घे, तो पान्यांच्या आधी.

धोक्याचं एकदाच सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, खाली लोखंडी घोडे (जॅक स्टँड) लावायचे. काही जुन्या जीपना हँडब्रेक चाकावर नसून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते, म्हणून दुसऱ्या चाकांना लाकडाचे ठोकळे लाव. आणि चालू इंजिनात नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही नाही, हातमोजा घालूनही नाही. ते डिझेल कातडी फोडून आत जातं, बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. तसं झालंच तर दुखत नसलं तरी थेट सर्जनकडे.

पंपाचं सील तू तोडायचं नाही. मीही तोडत नाही. त्याचं मोजमाप टेस्ट बेंचवरच होतं, आणि हेडची घासणी लेथवाल्याकडे. स्वतः दुरुस्ती करायची म्हणजे सगळं स्वतः उघडायचं असं मी कधीच म्हटलं नाही. काय उघडायचं ते स्वतः ठरवायचं, एवढंच.

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर पूर्वी एक म्हातारे मिस्त्री होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि कुठला सिलिंडर आळशी आहे ते सांगायचे. मग त्याच्या नोझलचा पाइप किंचित सैल करून दाखवायचे: बाकीच्यांचा पाइप सैल केला की इंजिन बसतं, याचा केला की फरकच पडत नाही. म्हणजे ते ऐकून सांगत आणि लगेच सिद्ध करत. आणि मी काय करत होतो? बाहेर बाकड्यावर पेपर वाचत होतो. जवळच अलोऱ्याला नोकरी, खिशात पैसे, आपल्याला काय करायचंय, असं. चाळिशी उलटल्यावर मला या कामाची गोडी लागली, तोवर ते गेले होते. त्यांना एक प्रश्नसुद्धा मी विचारून घेतला नाही. तुझ्यावर मी एवढा का चिडतो, याचं हेही एक कारण असेल. असू दे.

विकायचंच असेल तर दोष सापडल्यावर वीक. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, हे सगळं झेपत नाही म्हणून विकलीस तर मी शब्द बोलणार नाही. पण 'काय झालंय ते कळलं नाही' म्हणून विकू नकोस. मग ती दुसऱ्या कुणाला तरी असाच फसवेल, आणि तू पुढच्या गाडीतही अशीच फसशील.

उद्या सकाळी हे कर. पहिला सेल्फ मारताना सायलेन्सरपाशी कुणाला तरी उभं कर आणि धूर येतो का, कुठल्या रंगाचा, ते लिहून ठेव. टाकीत किती डिझेल आहे तेही लिही. घाटात दम सोडते तेव्हा मागे काळा धूर असतो का, आठवून सांग. असला तर माझा हवेचा अंदाज डळमळेल आणि आधी एअर फिल्टर बघावा लागेल. मग पारदर्शक नळी. तोवर चौथ्या मिस्त्रीकडे जायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, आणि काही सोडलंस तर सोडलेला तुकडा टाकायचा नाही. तडकलेली नळी निघालीच, तर पिशवीत घालून चिपळूणला घेऊन ये. मला ती बघायचीय.

काका