पदवीला न्यूरोसायन्स नाही, मग बक्षीस कसलं? कोल्हापूरच्या एका बीएस्सी विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न नीट वाचला. मामेबहिणीला ब्रिटनच्या विद्यापीठात न्यूरोसायन्सच्या, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेच्या शास्त्राच्या, पदवीत पहिली आल्याबद्दल बक्षीस मिळालं. तू कोल्हापुरात झूलॉजी घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. आपल्याकडे असं बक्षीस आहे का, आणि नसेल तर तू आत्ताच मागे पडलीस का, हे तुला विचारायचंय. झूलॉजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बक्षिसाचं. तिकडे न्यूरोसायन्स ही स्वतंत्र पदवी असते, म्हणून त्या वर्गातल्या पहिल्या विद्यार्थ्याला बक्षीस असतं. सहसा त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. गुणांवरून विभागच नाव ठरवतो, आणि शेवटच्या वर्षाच्या गुणांत प्रोजेक्टचा वाटा चांगलाच असतो. तुला मेंदू भेटतो तो फिजिऑलॉजीच्या पेपरात, एखाद्या युनिटपुरता. शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात ‘राष्ट्रपती सुवर्णपदक’ नावाचं पदक दिलं जातं, शिवाय देणगीदारांच्या नावाची विषयवार पारितोषिकं असतात. झूलॉजीतलं एखादं मिळण्यासारखं असेल तर जरूर मिळव, घरच्यांना आनंद होईल. पण पुढे मेंदूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तुला पदकापेक्षा प्रोजेक्टबद्दलच जास्त विचारतील.

आणि मागे पडलीस का? अजिबात नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) शुभा टोळे आणि विदिता वैद्य या दोघी मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या. पदवीला त्यांचे विषय लाइफ सायन्सेस आणि बायोकेमिस्ट्री होते, मेंदू नंतर आला. टोळे यांना 2014 चा आणि वैद्य यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला, दोघींनाही मेंदूवरच्याच कामासाठी.

तेव्हा तुझ्या बहिणीने शेवटच्या वर्षाला जे केलं असेल, म्हणजे स्वतःचा एक प्रश्न घेऊन प्रयोग करणं, ते तू इथेच सुरू कर. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. फळमाशी घे, ड्रोसोफिला. पिकलेलं केळं खिडकीत ठेवलंस की ती आपणहून येते, आणि तिचं खाद्य तर आपल्या गुळाचंच होतं. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम रवा आणि 10 ग्रॅम अगार घेऊन नीट शिजवायचं. जरा निवलं की बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिली प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेव. गूळ पिवळाधमक घेऊ नकोस. रंग उजळायला त्यात हायड्रॉस घातलेली असू शकते, आणि दर खेपेला तिचं प्रमाण बदललं तर तुझे आकडेही डळमळतील. मी नेहमी काळपट, बिनरसायनी गूळच वापरायला सांगते.

आता प्रयोग. रिकाम्या काचेच्या नळीवर तळापासून 8 सेंटीमीटरवर मार्करने रेघ मार. आत दहा माश्या सोड, तोंडाला कापसाचा बोळा लाव आणि नळी टेबलावर हलकेच आपट, म्हणजे सगळ्या तळाशी पडतील. फळमाशी स्वभावतःच वर चढते. 10 सेकंदांत रेघ ओलांडणाऱ्या किती, ते मोज. मिनिटभर थांबून पुन्हा मोज. तीन दिवसांच्या माश्या आणि महिनाभराच्या माश्या यांची तुलना केलीस तर वयाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. नर-मादी वेगळे ठेव (नराच्या पोटाचं टोक काळं असतं), वेळ रोज एकच ठेव, आणि ईथरने बेशुद्ध केलेल्या माश्या त्याच दिवशी वापरू नकोस. एक गोष्ट मात्र लिहिताना सांभाळ. चढणं कमी झालं म्हणजे मेंदू बिघडला, असा निष्कर्ष काढू नकोस. कारण स्नायूही असू शकतात. दोन्हींत फरक कसा करायचा, हा प्रश्न तुला स्वतःला पडला तर प्रोजेक्ट निम्मा झाला असं समज.

यासोबत एक मूळ शोधनिबंध हळूहळू वाच. ओबैद सिद्दिकी आणि सिमूर बेंझर यांचा 1976 चा घे. तापवल्यावर लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केल्यावर पुन्हा उठणाऱ्या फळमाश्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय बिघडतं, हे त्यांनी त्यात तपासलं आहे. त्यातल्याच ‘पॅरा’ नावाच्या माश्यांमधला दोष सोडियम चॅनलच्या (चेतापेशीत सोडियम आत सोडणाऱ्या दाराच्या) जनुकात असल्याचं पुढे निघालं. सिद्दिकी आधी टीआयएफआरमध्ये होते आणि बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र त्यांनीच उभं केलं, म्हणजे ही परंपरा आपल्याच देशातली आहे. पहिल्या वाचनात निम्मं कळणार नाही. आकृत्या समोर ठेवून शिक्षकांना विचार.

गणिताला घाबरून झूलॉजी घेतलं असशील तर ते आता सोडून दे. पेशीच्या आत पोटॅशियम 140 आणि बाहेर 5 मिलिमोलर असेल, तर नर्न्स्टच्या समीकरणाने (आयनांच्या प्रमाणावरून पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब काढायचं सूत्र) शरीराच्या तापमानाला सुमारे उणे 89 मिलिव्होल्ट येतात. हे पाठ न करता कागदावर मांडून काढता आलं पाहिजे. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी 1952 मध्ये माकूळच्या जाड चेतातंतूवरून संदेशाचं गणित मांडलं, तेव्हा हक्स्ली यांनी आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती.

बाहेर काम करायची पहिली संधी म्हणजे तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काढता येतात. अर्जाची मुदत आधीच बघून ठेव, त्यात काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ‘मला मेंदूबद्दल कुतूहल आहे’ असं सगळेच लिहितात. तू माश्यांचे आकडे लिही. पदवीनंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी (आयआयएससी) जॅम ही प्रवेशपरीक्षा आणि टीआयएफआर, एनसीबीएससाठी त्यांची स्वतंत्र परीक्षा, हे पुढच्या वर्षी सविस्तर बोलू.

सुरुवात दिवाळीआधी कर. एप्रिलमध्ये आपल्या खोल्या तिशीच्या वर जातात, तेव्हा नर वांझ होऊ लागतात आणि पैदास थांबते. विभागप्रमुखांकडे जाताना तोंडी विचारू नकोस. अर्ध्या पानावर प्रश्न, साहित्य आणि लागणारा खर्च लिहून ने. पहिल्या पंधरवड्याचे आकडे आले की इथेच टाक, मी बघते.