न्यू जर्सी की टेक्सास, आधी ते ठरवा (व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या लायसन्सबद्दल)

पत्र, थोडं कापून: "मॅडम, मी पुण्यातून एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स) केलं आणि नंतर सातारा जिल्ह्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात चार वर्षं कौन्सिलर होते. लग्नानंतर न्यू जर्सीत, एडिसनला आलेय. एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर) आहे, ईएडीचा म्हणजे नोकरीच्या परवान्याचा अर्ज केलाय पण कार्ड अजून हातात नाही. मला इथे हेच काम करायचंय. मिस्टरांनी नेटवर सहा आठवड्यांचा 'नॅशनल ॲडिक्शन कौन्सिलर' असा ऑनलाइन कोर्स शोधलाय, तो घेऊ का? त्यांची बदली पुढच्या वर्षी डॅलसला होऊ शकते. तोवर एखाद्या क्लिनिकमध्ये फुकट काम करून तास भरले तर चालेल ना? आणि एक, माझे वडील प्यायचे, ते इथे सांगावं की लपवावं?"

ताई, आधी कोर्सचं सांगते. पैसे भरू नका, निदान आत्ता तरी नको. अमेरिकेत ॲडिक्शन कौन्सिलरचं देशभर चालणारं लायसन्स नाहीच, प्रत्येक राज्याचं वेगळं, नाव वेगळं, तास वेगळे आणि देणारं ऑफिसही वेगळं. तुमच्या न्यू जर्सीत सीएडीसी हे सर्टिफिकेट आणि एलसीएडीसी हे वरचं लायसन्स, डॅलसला गेलात तर एलसीडीसी, नदीपलीकडे न्यूयॉर्कात राज्याचं ओएसॅस नावाचं खातं कॅसॅक नावाचं सर्टिफिकेट देतं, आणि कॅलिफोर्नियात तर राज्य स्वतः लायसन्स देतच नाही, मान्यता असलेल्या संस्थेकडे नाव नोंदवायचं आणि ५ वर्षांच्या आत सर्टिफिकेशन पूर्ण करायचं असा कारभार आहे. मग सहा आठवड्यांत 'नॅशनल' म्हणून जे विकतात ते काय असतं, तर बहुतेक वेळा कोर्स केल्याचा कागद, त्यातले तास तुमच्या राज्याने धरले तर उपयोग नाहीतर भिंतीला लावा. नाडॅक नावाच्या संघटनेची खरी राष्ट्रीय सर्टिफिकेशन्स आहेत, पण ती घ्यायला आधी राज्याचं लायसन्स किंवा सर्टिफिकेट आणि काही वर्षांचं काम लागतं, म्हणजे ती नंतरची गोष्ट झाली.

हे सगळं असं का, ते एकदा समजलं की पुढचं सोपं जातं. आपल्याकडे मुक्तांगणमुळे लोकांना माहितीये की स्वतः दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला सोडवायला उभा राहतो, १९८६ मध्ये अवचट दांपत्याने पुण्यात ते सुरू केलं तेव्हापासून आपण हे बघतोय. अमेरिकेतही या कामाचा पाया तसाच, १९३५ मध्ये एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं स्वतः त्यातून बाहेर आलेली माणसंच दुसऱ्यांना सांभाळत होती, डिग्री वगैरे कोणी विचारत नव्हतं. राज्यांनी नियम केले ते नंतर, आणि करताना या माणसांना बाहेर काढायचं नव्हतं, म्हणून बऱ्याच राज्यांत खालची पायरी बारावीवर ठेवली आणि डिग्रीच्या जागी तास मागितले. त्यामुळे होतं काय, की तुमच्यासारखी मास्टर्स झालेली मुलगी नियम वाचते आणि म्हणते, अरे हे तर सोपं आहे, आणि पहिल्याच पायरीवर जाऊन उभी राहते. तिथे उभं राहायची तुम्हाला गरज आहे का, हाच माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे, कोर्स कुठला हा नाही.

न्यू जर्सीचं बघा. सीएडीसीसाठी शिक्षण बारावीइतकं, पण ॲडिक्शनच्या विषयांचे २७० तास क्लास, ३०० तास सुपरव्हिजनखाली प्रत्यक्ष प्रशिक्षण, ३००० तास कामाचा अनुभव आणि मग परीक्षा. शिवाय एक गंमतीची अट आहे जी मला फार आवडते, ३० सेल्फ-हेल्प मीटिंग्जना जाऊन बसायचं, त्यात एए, एनए (ड्रग्ज सोडणाऱ्यांचा तसाच गट) आणि अल-अनॉन (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट) प्रत्येकी किमान ५. पुस्तकं वाचून कौन्सिलर होणाऱ्यांना ही अट जाचक वाटते, पण मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत गप्प बसून जे कळतं ते क्लासमध्ये नाही कळत. जाताना ओपन मीटिंगला जा, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला पिण्याचा प्रॉब्लेम आहे त्यांच्यासाठी असते, आणि तिथे वही काढून नोट्स घेऊ नका. एवढं सगळं करून सीएडीसी मिळालं तरी काम दुसऱ्याच्या सुपरव्हिजनखालीच करायचं. स्वतंत्र प्रॅक्टिस करायची तर एलसीएडीसी, त्याला मास्टर्स लागते. दोन्हीचा कारभार राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्समध्ये, मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या बोर्डाखाली जी अल्कोहोल अँड ड्रग कौन्सिलर कमिटी आहे तिच्याकडे. नावाचा आणि कामाचा मेळ शोधत बसू नका, पत्ता तोच आहे.

आता डॅलस. टेक्सासमध्ये हे काम हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस कमिशनकडे आहे. किमान असोसिएट डिग्री, २७० तास क्लास (त्यातले निम्मे नुसते व्यसनाच्या विषयांवर), ३०० तास प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष प्रशिक्षण), आणि त्यानंतर ४००० तास सुपरव्हिजनखाली काम, त्यासाठी आधी कौन्सिलर इंटर्न म्हणून नोंदणी करायची. आकडा ऐकून दचकू नका, कारण तिथल्या कायद्यातच सूट आहे, संबंधित विषयाची डिग्री असेल तर क्लास आणि प्रॅक्टिकममधून, आणि सोशल वर्कची मास्टर्स असेल तर त्या ४००० तासांतून. तुमची डिग्री भारतातली असल्यामुळे ती इथल्या मास्टर्सच्या बरोबरीची आहे हे आधी सिद्ध करावं लागेल, पण झालं तर दोन वर्षं वाचतात, म्हणून म्हणते की आज एडिसनमध्ये बसून सीएडीसीचे तास मोजायला लागलात आणि वर्षभराने सामान बांधून डॅलसला गेलात तर त्यातली बरीच मेहनत अशी होती जी तिथे कोणी मागितलीच नसती.

म्हणून मिस्टरांच्या ऑफिसातून बदलीचं काय ते हो किंवा नाही असं काढून घ्या. मला माहितीये, कंपनीवाले शेवटच्या महिन्यापर्यंत सांगत नाहीत. तोवर करायचं काम एकच आहे आणि ते दोन्ही राज्यांत उपयोगी पडतं, डिग्रीचं मूल्यमापन. साधारणपणे सगळे डब्ल्यूईएस या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडे धावतात, ते चालतं, पण सोशल वर्कच्या डिग्रीसाठी सीएसडब्ल्यूई ही संस्था, जी इथल्या सोशल वर्कच्या कॉलेजांना मान्यता देते, तिचीच परदेशी डिग्री तपासायची वेगळी सेवा आहे. माझं मत विचाराल तर तिथेच जा. कारण तुमची एमएसडब्ल्यू तिने बरोबरीची धरली तर तुमच्यासमोर दुसरी शिडी उभी राहते, सोशल वर्कर लायसन्सची. न्यू जर्सीत आधी एलएसडब्ल्यू, त्याची परीक्षा, मग सुपरव्हिजनखाली क्लिनिकल काम करून एलसीएसडब्ल्यू, म्हणजे वरचं क्लिनिकल लायसन्स. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू. पण एलसीएसडब्ल्यू झालेली बाई व्यसनाचे पेशंटही बघू शकते, डिप्रेशनचेही आणि त्यांच्या घरच्यांनाही, इन्शुरन्स कंपन्या ओळखतात, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) पैसे देतं, आणि उद्या व्यसनाच्या कामाचा कंटाळा आला (येतो हो, चार वर्षं केलंय तुम्ही, तुम्हाला माहितीये) तर दार बंद होत नाही. ॲडिक्शनचं सर्टिफिकेट त्यावर नंतर चढवता येतं. नुसतं सीएडीसी घेऊन सुरुवात केली तर काम लवकर मिळेल पण छत लवकर लागेल. पगाराचा अंदाज हवा म्हणून सांगते, अमेरिकेच्या सरकारी कामगार खात्याने मे २०२३ साठी व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या कौन्सिलर्सचा मधला पगार वर्षाला ५३,७१० डॉलर दिलाय, आणि त्यात मास्टर्सवाले लायसन्स्ड लोकही धरलेत, म्हणजे खालच्या पायरीवर किती असेल ते तुम्हीच ओळखा, आणि एडिसनचं घरभाडं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

फुकट काम करून तास भरायचं जे म्हणताय, त्यावर स्पष्ट नाही म्हणते. ईएडी हातात नसताना, जिथे बाकीच्यांना पगार मिळतो तसलं काम तुम्ही बिनपगारी केलं आणि वर लायसन्ससाठी त्याचे तास मोजून घेतले, तर इमिग्रेशनवाले त्याला परवानगीशिवाय केलेली नोकरी म्हणू शकतात, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ते फार महागात पडतं. एखादी ओळखीची म्हणेल मी केलं, काही झालं नाही. तिचं ऐकू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा, त्या सहा आठवड्यांच्या कोर्सपेक्षा ते पैसे सत्कारणी लागतील. ईएडी एच-फोरवाल्या प्रत्येकीला मिळत नाही, साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेलं लागतं, तुम्ही अर्ज केलाय म्हणजे ते झालेलं असणार. शिकायला मात्र एच-फोरवर बंदी नाही. क्लास करा, मीटिंग्जना जा, कागद गोळा करा, कार्ड आल्या दिवशी तासांचं मीटर सुरू करा.

कागदांवरून आठवलं. साताऱ्यातल्या चार वर्षांचे तास इथली कमिटी धरेल की नाही ते तीच ठरवणार, पण मागायला तुमच्याकडे कागद तर हवा. केंद्राच्या लेटरहेडवर नुसतं 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' असलं दोन ओळींचं पत्र आपल्याकडे देतात ते इथे शून्य. इथे कामाचे बारा भाग पाडलेत, स्क्रीनिंग, इनटेक, असेसमेंट, ट्रीटमेंट प्लॅन, कौन्सिलिंग, क्रायसिस, रेफरल, रेकॉर्ड ठेवणं वगैरे, आणि त्यातल्या प्रत्येकात तुम्ही साधारण किती तास काम केलं, सुपरव्हिजन कोणाची होती, त्यांची पात्रता काय, हे लिहून हवं. तुमचे तिथले सर अजून केंद्रात आहेत तोवर हे करून घ्या. माणसं बदलली, केंद्राची जागा बदलली की जुनं रजिस्टर शोधणार कोण? विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट्स पण आत्ताच मागवा, पुण्यात असलेल्या भावाला किंवा मैत्रिणीला खेटे घालावे लागतील ते लागतीलच.

परीक्षेची भीती बाळगू नका. बरीच राज्यं आयसी अँड आरसी या संस्थेचा पेपर वापरतात, १५० प्रश्न, सगळे पर्यायांचे, ३ तास, गुण २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर आणि पास व्हायला ५००. न्यू जर्सी आणि टेक्सास दोन्हीकडे हाच पेपर, त्यामुळे बदली झाली तरी एवढं तरी सोबत जातं. बाकी गोष्टी 'ट्रान्सफर' होतात असं सगळे म्हणतात पण नव्या राज्याने त्याची स्वतःची अट जोडली की बसा. ऑनलाइनचंही तसंच आहे, पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचं लायसन्स बघतात, तुम्ही कुठे बसलाय ते नाही. एडिसनच्या घरातून डॅलसच्या पेशंटशी झूमवर बोलायचं तर कागद टेक्सासचा लागेल.

अभ्यासात तुम्हाला नवीन जाईल ते ओपिऑइडचं, म्हणजे अफूच्या जातीच्या ड्रग्जचं. तुमच्या केंद्रात नव्वद टक्के दारूच असणार, इथे फेंटानिल नावाच्या जहाल ओपिऑइडने माणसं मरतायत, आणि उपचारात मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं, जी स्वतःही ओपिऑइडच आहेत, रोजची आहेत. 'एक नशा सोडून दुसरी कशाला' असं आपल्याकडे पुष्कळ कार्यकर्ते अजून म्हणतात, तुम्हीही म्हणत असाल तर ते इथे इंटरव्ह्यूत बोलू नका, आणि खरं सांगायचं तर त्यावर नीट वाचून मत बदला, पुरावा औषधांच्या बाजूने आहे. ओव्हरडोस झालेल्याला वाचवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, तो कसा वापरायचा ते क्लास सुरू व्हायच्या आधीच शिकून घ्या. आणि गुप्तता. व्यसनाच्या पेशंटच्या रेकॉर्डसाठी इथे साध्या हॉस्पिटलपेक्षा कडक असा वेगळा केंद्रीय नियम आहे, पार्ट टू म्हणतात त्याला. आपल्याकडे बायको फोन करते, "आलेत का हो हे?" आणि आपण सांगून टाकतो. इथे पेशंटची लेखी संमती नसेल तर तो तिथे आहे की नाही हेसुद्धा सांगायचं नाही. एडिसनमध्ये मराठी पेशंट आला, मंडळाच्या गणपतीत त्याची बायको तुम्हाला भेटली, तर काय कराल ते आत्ताच ठरवून ठेवा, असं होणार आहे.

वडिलांचं. अर्जात तुमची स्वतःची गुन्ह्यांची माहिती विचारतात, बोटांचे ठसे घेतात, वडील प्यायचे का हे कोणी विचारत नाही. म्हणून लपवायचा प्रश्नच नाही, आणि मुद्दाम पुढे करायचीही गरज नाही. 'या क्षेत्रात का आलात' असं इंटरव्ह्यूत विचारलं आणि सांगावंसं वाटलं तर दोन वाक्यांत सांगा, इथे त्याने कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही, समोर बसलेला सुपरव्हायझर कदाचित स्वतःच वीस वर्षं सोबर असेल. त्या ३० मीटिंग्जमध्ये अल-अनॉन आहे ना, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते. तिथे तास भरायला म्हणून जाल पण बोलावंसं वाटलं तर बोला, तिथे तुम्ही कौन्सिलर नाही.

या आठवड्यात न्यू जर्सीच्या कमिटीला आणि टेक्सासच्या कमिशनला एकेक ईमेल टाका, फोन नको, लेखी उत्तर हवं. तीनच गोष्टी विचारा: भारतातली एमएसडब्ल्यू कोणाच्या मूल्यमापनावर धरता, भारतातले सुपरव्हिजनचे तास धरता का, आणि क्लासचे २७० तास कोणत्या संस्थांचे चालतात. उत्तरं आली की मला पाठवा, मग त्या यादीतला कोर्स आपण बघू.