शर्टाचे चेक्स, बँकेचा चेक आणि पटावरचा शह

शर्टाचे चेक्स, बँकेचा चेक आणि 'एकदा चेक कर' यातला चेक हे वेगवेगळे शब्द आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मूळ एकच आहे आणि आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: बुद्धिबळातला शह.

आपल्याकडचं चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. राजावर हल्ला आला की फारसीत 'शाह' म्हणून बजावायचे. बादशहातला शहा तो हाच. मराठीत त्याचा शह झाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत येईपर्यंत नुसता 'चेक' उरला. चेकमेट म्हणजे तर सरळसरळ 'शाह मात'. त्यातल्या मेटचा मित्राशी काही संबंध नाही.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला, आधी राजा वाचवायचा. म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. आपला शहसुद्धा पटाबाहेर पडला, राजकारणातले शह-काटशह आपण रोज वाचतो. पण तो तिथेच थांबला. इंग्रजीत मात्र आवर घालण्यावरून लक्ष ठेवणं आणि त्यावरून पडताळून पाहणं, असा अर्थ सरकत गेला.

चौकटींची गोष्ट मला जास्त आवडते. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. शर्टाचे चेक्स त्या पटावरून आले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजत, ते सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद होतं. कडा उचललेल्या, म्हणजे काही घरंगळू नये. वर रेघा आखलेलं काळं कापड, आणि पौंड, शिलिंग, पेनीच्या रकान्यांत चकत्या मांडून हिशेब. दिसायला अगदी पट! त्यावरून त्या खात्यालाच 'एक्सचेकर' नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' असतो.

बँकेचा चेक त्या मानाने अलीकडचा, अठराव्या शतकातला. चेक हे नाव आधी स्थळप्रतीचं होतं, कारण खोटा कागद आला तर ती पडताळायला हाताशी असे. मग फाडून दिलेल्या कागदालाच ते चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगमधला 'क्यू' एक्सचेकरच्या प्रभावाने आला. अमेरिकेत हा चेकही बाकीच्या चेकसारखाच लिहितात.

चेक प्रजासत्ताकातला चेक तेवढा या घराण्यातला नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे.