वरची रेघ सोडली तर चालेल का?

प्रश्न : मुलगी लिस्बनला असते, म्हणून साठीत पोर्तुगीज शिकायला घेतलं. ‘दे’ आणि ‘उ’ मिळून ‘दु’ होतं, तेवढं डोक्यात बसलं. पण एकाच ‘अ’वर कधी रेघ असते, कधी नसते. मोबाइलवर लिहिताना मी सरळ सोडून देते. चालेल ना?
– एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, नका सोडू.

लिस्बनचे उच्चार धरून सांगते. ‘कडे’ या अर्थाचं तिथे एक ‘अ’ आहे, आणि स्त्रीलिंगी नामाआधीचं उपपदही ‘अ’च. दोन्ही शेजारी आले की होतो ‘आ’. सूर्य अधिक अस्त, सूर्यास्त. शाळेतली तीच दीर्घ संधी. लिहिताना मात्र एकच अक्षर उरतं. इथे दोन शब्द आहेत हे त्याच्या डोक्यावरची, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ सांगते. तिला दुसरं कामच नाही.

‘मी समुद्रावर जाते’ म्हणजे ‘वो आ प्राया’. शंका आली तर प्रायाच्या जागी पुल्लिंगी ‘मर्कादु’, म्हणजे बाजार, घालून बघा. ‘अ’ला पुल्लिंगी उपपद ‘उ’ जोडून ‘आउ मर्कादु’ झालं ना? मग प्रायाआधी रेघ हवीच. लिस्बनच्या नावाला उपपद लागत नाही, म्हणून ‘वो अ लिज्बोआ’, बिनरेघेचं. मुलीकडे निघताना तुम्हाला हेच वाक्य लागणार आहे.

‘दु’चं म्हणाल, तर आपण ‘करते आहे’ म्हणा की ‘करतेय’, दोन्ही बरोबर. तिथे ‘पुस्तकाचा’ म्हणताना ‘दे उ लिव्रु’ असं सुटं लिहिणं चूकच. वास्को द गामातला ‘द’सुद्धा ‘दे’ अधिक ‘अ’.

लाटेसारखी रेघ असली की उच्चार नाकातून. जांभळी नाक्यावर आपण पाव घेतो, तो मूळचा ‘पाउं’. इकडे येता येता त्याचं नाकातलं गेलं.

आता ‘ओ’वरच्या खुणा. चढती तिरपी रेघ असेल तर ‘डॉक्टर’मधला ‘ऑ’ : अवॉ, आजी. टोपी असेल तर ‘ओठ’मधला ‘ओ’ : अवो, आजोबा. माझ्या लिस्बनच्या मैत्रिणीची आजी गेली, तेव्हा सांत्वनाच्या पत्रात माझ्या हातून रेघेऐवजी टोपी पडली. ज्या आजीने तिला वाढवलं, तिच्यासाठी लिहिलेल्या चार ओळींत आजीच नव्हती. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला अजून लागतं ते.

फोनवर अक्षर दाबून धरा, सगळ्या खुणा वर उघडतात.