दातांवरून वय सांगायचं शिक्षण : सांगोल्याच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी आहे. मालिका बघून तिच्या डोक्यात बसलंय की दातांवरून माणसाचं वय सांगणारी फॉरेन्सिकवाली डॉक्टर व्हायचं. आम्ही बाजारात बैलाचे दात बघून वय सांगतो, त्याला कुठली डिग्री लागते? यात नोकरी आहे का? बी. एस्सी. फॉरेन्सिक घ्यावं की नीटची तयारी करावी?

नमस्कार. तुमचा बैलाचा टोमणा आवडला, कारण तो टोमणा नाहीच. आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं तुम्ही जबडा उघडून सांगता, त्याच पायावर हे शास्त्र उभं आहे. १८३७ साली इंग्लंडमध्ये एडविन साँडर्स या दंतवैद्याने हेच सुचवलं होतं. नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत घ्यायला तेव्हा कायद्याने बंदी होती, पण जन्माचे दाखले नसत, वय खोटं सांगितलं जाई. साँडर्सचं म्हणणं, उंचीपेक्षा दात बघा.

लहान मुलांत हे सोपं जातं. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी. जबड्याच्या आत मूळ किती भरलंय हे ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत दिसतं. १९७३ साली कॅनडात डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांच्या वाढीचे आठ टप्पे ठरवून गुण दिले. ती पद्धत आजही वापरतात. पण ती तिकडच्या मुलांवर बेतलेली, म्हणून धारवाडच्या डॉ. अशिथ आचार्य यांनी भारतीयांसाठी वेगळं सूत्र मांडलं. मोठ्या माणसात वाढ संपलेली असते. तिथे झीज मोजायची : दात किती घासला, हिरडी किती उतरली, मुळाचं टोक किती पारदर्शक झालं. स्वीडनच्या गुस्टाफसनने १९५० मध्ये अशा सहा खुणा सांगितल्या. अर्थात त्यासाठी दात काढून त्याचा पातळ काप घ्यावा लागतो, म्हणून ते बहुतेक मृतांच्या बाबतीत.

आता खरी अडचण. कोर्टात सगळ्यात जास्त भांडण अठराच्या अलीकडे की पलीकडे यावर होतं, आणि नेमक्या त्या वयात तोंडात वाढणारी एकच वस्तू उरते : अक्कलदाढ. ती कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविसाव्या, कुणाला येतच नाही. म्हणून तज्ज्ञ एक आकडा सांगत नाही, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं सांगतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी.

२०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात हे दोन्ही बाजूंनी दिसलं. चावल्याच्या खुणा आरोपींच्या दातांशी जुळवून पाहिल्या त्या याच डॉ. आचार्यांनी. पण त्यातल्या अल्पवयीन आरोपीचं वय ठरलं ते शाळेच्या नोंदीवर.

नोकरीचं उत्तरही यातच आहे. डॉ. आचार्य पेशाने दंतमहाविद्यालयातले शिक्षक. आपल्याकडे बहुतेकांची गाडी अशीच चालते : पोटापाण्याला शिकवणं किंवा दवाखाना, आणि प्रकरण आलं की फॉरेन्सिक. फक्त दातांवरून वय सांगून महिन्याला पगार मिळेल अशा जागा जवळपास नाहीत. हे मुलीला आजच सांगा, पाच वर्षांनी कळण्यापेक्षा बरं.

म्हणून माझं मत, नीट द्यावी आणि बीडीएस म्हणजे दंतवैद्याची पदवी करावी : चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे जागा मिळाली तर खर्चाचा मोठा बोजा उतरेल. पुढे एमडीएस म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी करायची तर ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचं निदान) किंवा ओरल मेडिसिन-रेडिओलॉजी (तोंडाचे आजार आणि एक्स-रे). किंवा गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक ओडोंटॉलॉजीची, म्हणजे दातांच्या न्यायवैद्यक तपासाची एम. एस्सी. बी. एस्सी. फॉरेन्सिक वाईट नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत ते शिकवतात, त्यातून रक्त, विष, डीएनएच्या प्रयोगशाळेकडे जाता येतं. पण दातांवर मत देणारी तज्ज्ञ त्यातून होता येत नाही, त्याला दंतवैद्यच लागतो.

भाराभर पैसे भरून खासगी कॉलेजात फक्त या एका हौसेसाठी घालू नका. रोजचे दात काढायला, भरायला, रूट कॅनाल करायला आवडणार असेल तरच घाला. मालिकेत तो भाग दाखवत नाहीत.

परीक्षा झाल्यावर एक करा. ओळखीच्या दंतवैद्याकडे तिला आठवडाभर बसवा. त्यांना विनंती करा की जुन्या ओपीजी नाव-वय झाकून तिला दाखवा. तिने वहीत अंदाज लिहायचा, मग खरं वय बघायचं. सुरुवातीला सहा-सात वर्षांनी चुकेल. चुकल्यावर ती पुढची फिल्म मागते की मोबाइल काढते, तेवढं बघा आणि मला कळवा.